रोट बाहेर गेला

डबा रिकामा होता, घासलेला होता, आणि झाकणाच्या आतल्या कडेला पाण्याचा एक थेंब राहिला होता. सुलक्षणाबाईंनी तो माझ्या हातात दिला नि म्हणाल्या, “ललिताताई, रोट फार छान झाला होता. मी दोन दिवस पुरवून खाल्ला, तुपाशी.” मी “हो का?” म्हटलं. जळगावचं त्यांचं ते पहिल्या मजल्यावरचं घर, जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग, आत तानपुऱ्याचं यंत्र कुणीतरी बंद करायला विसरलेलं, आणि माझी शीतल पायरीवर वाकून सँडलचा पट्टा लावत होती. पट्टा केव्हाच लागला होता. तरी ती वाकलेलीच. मी डबा उलटा करून पाहिला. बुडाला यांचं नाव कोरलेलं, जगदीश, आणि खाली आमच्या लग्नाचं साल. म्हणजे डबा आमचाच. तो दुसऱ्या कुणाचा तरी निघावा अशी एक वेडी आशा मी तेवढ्या वेळात बांधून घेतली होती.

आमच्याकडे श्रावणात कानबाईदेवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. तिच्या रोटांसाठी गहू मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. ते सोवळ्यात दळायचे, त्याचे भाकरीसारखे जाडसर रोट भाजायचे, देवीला दाखवायचे, आणि मग तो रोट घरच्यांनी खायचा. घरच्यांनीच. पुनवेच्या आत संपवायचा, उरला तर पाण्यात सोडायचा, पण बाहेरच्या माणसाच्या हातावर ठेवायचा नाही. शेजारीण कितीही जिवाभावाची असो. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत, ती दुसऱ्या घरची झालेली असते. माझं माहेर सोनगीरचं, धुळ्यापासून अर्ध्या तासावर, पण तिथला रोट मी अठरा वर्षांत चाखलेला नाही. किल्ल्याच्या पायथ्याचं आमचं ते घर, आणि रोट भाजतानाचा तो वास, थोडा करपका, थोडा गुळाचा. तो वास आजही आला तर मला वाटतं, आपल्याला कुणीतरी पानावरून उठवलंय. माझ्या सासूबाई, भिकुबाई, रोट भाजायला घेतले की दाराला आतून कडी लावून घेतात. आणि आमचा रोट जळगावला गेला होता. स्टीलच्या डब्यात बसून, एस.टी.नं.

गुरुवारी शीतल गाण्याच्या शिकवणीला पहिल्यांदाच एकटी गेली होती. सासूबाईंना ताप होता, मला निघता येईना. एरवी तीन वर्षांत एक खेप मी चुकवलेली नाही. गुरुवार आणि रविवार, धुळ्याहून सकाळची गाडी, पारोळा, एरंडोल, मांडीवर थर्मास, त्यात तिच्यासाठी ज्येष्ठमधाचं कोमट पाणी. घरातलं लोणचं मी बंद केलं, यांचं दही बंद केलं, फ्रीजमध्ये पाण्याची बाटली ठेवायची नाही असं सांगितलं. हे म्हणायचे, “गाणार ती, आणि घसा आमचा सगळ्यांचा बांधून ठेवलास.” शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, दहावीच्या वर्षी एवढा प्रवास झेपणार नाही. मी सोळा सोमवार धरले. ती दहावीलाही चांगल्या मार्कांनी पास झाली आणि गाण्याच्या परीक्षेलाही. उद्यापनाचा पहिला प्रसाद मी सुलक्षणाबाईंना नेऊन दिला होता, तेव्हा त्यांनी तो कपाळाला लावून बाजूला ठेवला नि म्हणाल्या, “मला गोड चालत नाही हो, साखर आहे.” रोटात गूळ असतो.

परतीच्या गाडीत आम्हाला मागची सीट मिळाली. बांभोरीच्या पुलावर मी गिरणेला हात जोडते. त्या दिवशी जोडले की नाही, आठवत नाही. डबा माझ्या पिशवीत होता आणि गाडी उसळली की थर्मासवर आपटून वाजत होता. पाळधी गेल्यावर मी विचारलं.

“गुरुवारी डब्यात काय नेलं होतंस गं?”

“रोट.”

“बाहेर देत नाहीत, ठाऊक होतं ना तुला?”

ती खिडकीबाहेर बघत होती. कपाशीला पाणी नव्हतं अजून, पानं मलूल. “ताई बाहेरच्या नाहीत, मम्मी.”

मी वाजणाऱ्या डब्यावर हात दाबला. मला जोरात बोलता येत नाही, कधीच आलं नाही. माझा राग पोटात उतरतो नि तिथं बसून राहतो. मग तीच म्हणाली, “माझ्या वाटचा दिला. मी खाल्लाच नव्हता. आजीला विचार.”

“पोरींची मूठ नसते त्यात. तुझा वाटा आला कुठून?”

ती तेव्हा माझ्याकडे वळली. हसली नाही, चिडली नाही, खरंच विचारल्यासारखं तिनं विचारलं, “नसते ना? मग कोणाचं काय गेलं?”

मी माळ काढली आणि पदराखाली मणी ओढू लागले. एरंडोल आलं, मी पद्मालयाच्या दिशेनं गणपतीला नमस्कार केला, पण मनात नाव येत होतं ते त्या बाईंचं. ताई बाहेरच्या नाहीत. मग आत कोण? आणि किती आत? मी हे असं का धरून बसलेय, एका चतकोर रोटासाठी, असंही वाटत होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं दिसत होतं की सुलक्षणाबाई ओट्याशी उभ्या आहेत, एकट्या, तुपाची वाटी जवळ घेऊन, आणि आमच्या घरातला तुकडा मोडून तोंडात घालताहेत. सावकाश. दोन दिवस पुरवून. साखर असताना. साखर असताना त्यांनी तो खाल्ला, हे सगळ्यांत जास्त लागत होतं. मी दिलं ते कपाळाला लावून बाजूला ठेवलं, हिनं दिलं ते गिळलं.

शीतल डोळे मिटून गुणगुणत होती. अगदी बारीक, नाकातल्या नाकात. मध्येच थांबली आणि घसा साफ केला, दोनदा, छोटासा, कोरडा. हे घसा साफ करणं तिचं नव्हे. ते त्यांचं. गेल्या वर्षीपासून ती भांगही त्यांच्यासारखा थोडा डावीकडे पाडते, चहात साखर घालत नाही, आणि कुणी काही बोललं की लगेच उत्तर न देता आधी “बरं” म्हणते, खालच्या पट्टीत. पोर माझी, शितळा सातमच्या दिवशी झालेली; घरात चूल पेटवायची नाही त्या दिवशी मी धुळ्याच्या दवाखान्यात कण्हत होते, आणि थंड भाकरीचा नैवेद्य दाखवून सासूबाई धावत आल्या होत्या. आल्या आल्या तिचं रडणं ऐकून म्हणाल्या होत्या, “आंडेरना गया तुनाच शे.” लेकीचा गळा तुझाच आहे. गळ्याला आमच्याकडे गया म्हणतात. ळ आम्हाला येत नाही. म्हणजे येतो, शाळेत शिकलो तसा लिहितो, पण जीभ तिथं वळत नाही, केळीची केयी होते, डोळ्याचा डोया. मला हे कधी उणं वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीची आरती चालू होती. मी म्हणत होते, सासूबाई टाळ्या वाजवत होत्या, यांनी घंटा धरलेली. आणि शीतल माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “ओवाळू, मम्मी. ओवायू नाही. ताई म्हणतात, अक्षर चुकलं की सूर कलतो.” मी ओवाळू म्हटलं. दिव्याची वात सरळच होती, सूर कुठं कलला ते मला कळलं नाही. पण तेव्हापासून आरती म्हणताना ते अक्षर जवळ आलं की माझा आवाज आपोआप खाली जातो, रस्त्यात खड्डा आहे हे माहीत असल्यासारखा. देवाला माहीत असेल मी तिथं काय म्हणते. मला माहीत नाही.

खरं सांगायचं तर एवढंच असतं तर मी ते देवापुढे ठेवून मोकळी झाले असते. बाईंच्या घरी शिकवायची खोली आणि बाहेरचा सोपा यांच्यात एक पडदा आहे, जुन्या सुती साडीचा. शिकवणीला आईबापांनी आत बसायचं नाही असा त्यांचा नियम. मी तीन वर्षं त्या पडद्याबाहेर बसले, लाकडी बाकावर, समोर चपला, हातात माळ. आत दोन-दोन तास एकच ओळ चालते. पडदा पंख्याच्या वाऱ्यानं हलला की फटीतून एक पट्टी दिसते: सतरंजीचा काठ, तिची पाठ, आणि त्या पाठीवर त्यांचा हात. श्वास कुठून घ्यायचा ते दाखवायला त्या कंबरेच्या जरा वर तळवा ठेवतात. “इथून. इथून भर. खांदा नाही उचलायचा. हां. आता सोड, सांडू नकोस.” पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी बाकावरून अर्धी उठले. मी न्हाऊ घातलेली पाठ ती, तीट लावून झोपवलेली. पण काही महिन्यांनी मला माझीच एक गोष्ट उमगली. “इथून भर” असं आतून आलं की बाहेर बाकावर मी भरत होते. खांदा न उचलता. “सोड” म्हटलं की सोडत होते, सांडू न देता. मण्यांवरची बोटं थांबलेली असायची. तीन वर्षांत तिला जे जे शिकवलं ते मी शिकले होते, उष्टं, पडद्याच्या अलीकडून. भूप मला येतो. त्यातली तिला शिकवलेली चीज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत येते. दुपारी घरी कुणी नसताना, मिक्सर चालू करून त्या आवाजाखाली मी ती म्हणून पाहिली आहे. आणि माझ्या पाठीवर कुणाचाच हात नव्हता.

म्हणजे मला हेवा कुणाचा वाटतो? बाईंचा, त्यांनी माझी पोर घेतली म्हणून? की पोरीचा, तिला ती बाई मिळाली म्हणून? गाडीच्या त्या उसळत्या सीटवर हे माझ्यापुढं आलं आणि मी घाबरले. आईला लेकीचा हेवा वाटणं हे कुठल्या व्रताच्या पुस्तकात नाही. त्यावर उतारा काय, तेही नाही. सोनगीरला कानबाईची गाणी मीच उचलायचे. अंगण भरलेलं असायचं. मी चौदा वर्षांची असताना शाळेतले एक गुरुजी माझ्या वडिलांना, भाईदास नानांना, म्हणाले होते की पोरीला धुळ्याला गाण्याच्या क्लासला घाला. नाना वाईट नव्हते. ते नुसते हसले नि म्हणाले, “गाणं शिकाले जावं लागस? तिले ते येस ना.” येतंच की तिला. त्यावर सगळे हसले, मीही हसले. कौतुकच होतं ते. मला येतंच होतं, म्हणून मला कुणी शिकवलं नाही. एकदा सुलक्षणाबाईंनी सहज विचारलं होतं, “ललिताताई, तुम्हीही गाता का?” माझं काळीज केवढ्यानं उडालं! आणि मी म्हणाले, “नाही हो. आरतीपुरतं.” त्या “हो का” म्हणाल्या आणि हार्मोनियमवरची धूळ पुसायला वळल्या. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं असतं तर? पण त्यांनी का विचारावं?

जूनमध्येच त्यांनी यांना फोन करून सांगितलं होतं. “अकरावीपासून शीतलला माझ्याकडे राहू द्या. इथल्या कॉलेजात घाला. पहाटेचा रियाज आठवड्यातून दोनदा गाडीनं येऊन होत नाही. आवाज बसायची हीच दोन वर्षं, ती गेली की मग ती नुसती बरं गाणारी बाई होईल.” यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. बरं गाणारी बाई. मी पोळी लाटत होते, ती फाटली. हे म्हणाले, आमची काही हरकत नाही, तिच्या मम्मीला विचारतो. मी म्हणाले, देव सुचवेल तसं. मग प्रवेशाच्या फेऱ्या लांबत गेल्या, यांनी आधी धुळ्याचं कॉलेज पहिलं भरून ठेवलं, जळगावचं दुसरं. बदल करायचा तर शेवटच्या फेरीत करता येणार होता. ती शेवटची तारीख सोमवार, संध्याकाळी सहा. आणि हा रविवार.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर झोपाळ्यावर होत्या. ताप उतरला होता. त्यांना डब्याचं मी काही सांगितलं नाही, त्यांनीच शीतलला जवळ ओढून विचारलं, “कसं व गाणं? तुनी बाई काय म्हने?” शीतल म्हणाली, “बाई म्हणे, तुनी आजीले धाड, तिना आवाज मोठा शे.” सासूबाई खोकत खोकत हसल्या. “मना आवाज ते म्हशीस्ले हाकाना!” दोघी हसत होत्या, आणि मी आत जाऊन डबा घासला. घासलेलाच होता. तरी राखेनं घासला, चिंचेनं घासला.

सोमवारी माझा श्रावणी उपास. दिवस असतानाच एकदा जेवते, शंकराला दिवा लावून. आणि चातुर्मासात माझं जेवण मुकं असतं. हा नेम मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घेतला, त्याला सतरा वर्षं झाली. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही, खूण नाही, हुंकारही नाही. बोललं तर ताट सोडून उठायचं, त्या दिवशी मग पाण्याशिवाय काही नाही. शीतल अकरा महिन्यांची असताना पाळण्यातून पडली, तेव्हा मी ताटावर होते. धावले, उचललं, छातीशी धरलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. सासूबाई अजून चारचौघींत ते कौतुकानं सांगतात. मीही ते कौतुक ऐकून घेते. एरवी सोमवारी मी साडेसहाला पाटावर बसते.

हे पाच वाजता एस.टी.च्या आगारातून, कामावरून आले. शीतलनं त्यांचा फोन घेतला आणि आतल्या खोलीत प्रवेशाचं पान उघडलं. पान फिरत राहायचं, बंद पडायचं, सगळ्या राज्यातली पोरं त्याच दारावर उभी. मी ओट्याशी भात काढत होते. बदल पक्का करायचा तर आकडा येतो, तो येतो माझ्या फोनवर, कारण शाळेत नाव घालताना माझाच नंबर दिला होता. तिनं आतून हाक मारली, “मम्मी, फोन जवळ ठेव हं, आता ओटीपी येईल.” पाच वीस झाले होते. मी दिवा लावला. एक ताट वाढलं. भात, वरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. पाट मांडला, फोन मांडीखाली पदरात घेतला आणि बसले. एक तास दहा मिनिटं आधी.

मी हे ठरवून केलं नाही, असं म्हणण्याची सोय मला नाही. पाट मांडण्याआधी मी घड्याळाकडे दोनदा पाहिलं होतं.

पहिला घास घेतला आणि मांडीखाली फोन थरथरला. एवढीशी थरथर, पण गुडघ्यापर्यंत गेली. “आला का?” ती दारात आली. मी वरण कालवत होते. ती थबकली. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग ताटाकडे. “तू आज लवकर बसलीस?” मी घास घेतला. हे पाणी प्यायला आले नि म्हणाले, “झालं! तुझ्या मम्मीचं दुकान बंद झालं. आता देव आला तरी माल मिळणार नाही.” ती हसली नाही. “मम्मी, नुसती मान हलव. आला असेल तर.” मान हलवणं ही खूण. खूण नाही. मी नेमाच्या आड इतकी व्यवस्थित बसले होते की मला बाहेरून कुठूनही हात लागत नव्हता. मला खोटं बोलावं लागत नव्हतं. हे म्हणाले, “अगं, काढून घे ना फोन तिच्या पदरातून.” तर तीच म्हणाली, “जेवताना मम्मीला शिवत नाहीत, पप्पा.” दहा मिनिटांत तो आकडा मेला. तिनं आत जाऊन पुन्हा मागवला. पाच पस्तीस. फोन पुन्हा थरथरला. मी भाताचं एकेक शीत वेगळं करत होते. भाजीच्या फोडणीतली मेथी कडू लागत होती, आणि त्या कडूपणाच्या खाली एक गोडवा होता, तो कसला ते मला नीट कळत होतं. गुरुवार आणि रविवार. थर्मास. पडदा. ते राहिलं असतं. धुळ्याचं कॉलेज, संध्याकाळी ती घरी, मी बाकावर. दोन वर्षं आणखी. ती बरं गाणारी बाई झाली असती. माझ्यासारखी.

झोपाळ्यावरून सासूबाईंनी विचारलं, “काय व्हयनं?” हे म्हणाले, “काही नाही आई, ललिता जेवी ऱ्हायनी.” पाच अठ्ठेचाळीस. फोन तिसऱ्यांदा थरथरला आणि शीतल पुन्हा आली. या वेळी तिनं काही विचारलं नाही. यांचा फोन तिनं बाजूला ठेवला आणि माझ्या समोर, ताटापासून हातभर अंतर ठेवून, मांडी घालून बसली. पाठ ताठ, हात मांडीवर उताणे. माझ्याकडे बघत. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान रागावेल; रागावली असती तर सोपं झालं असतं, मी देवाकडे तक्रार नेली असती. पण ती नुसती बसली. तिला सगळं कळलं होतं, मी किती वाजता बसले, का बसले, सगळं. आणि तरी ती माझं जेवण संपायची वाट बघणार होती. सहा वाजले तरी. मला आधी वाटलं, हे बसणंही त्यांनीच शिकवलंय, सतरंजीवरचं. आणि मग मला ती चार वर्षांची दिसली. चातुर्मासात मी जेवायला बसले की ती अशीच समोर येऊन बसायची, तिला काहीतरी सांगायचं असायचं, मुंगी, कावळा, काहीही, आणि ते सांडू नये म्हणून गाल फुगवून, पाठ ताठ करून वाट बघायची. मी हात धुतले की फुटायची. हे बसणं तिला जळगावला कुणी दिलं नव्हतं. सुलक्षणाबाईंकडे ती पहिल्या दिवशी गेली तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, पोर थांबू शकते हो, हे शिकवता येत नाही. ते मी तेव्हा कानाआड केलं होतं. मला वाटलं होतं, त्या नुसतं पोरीचंच कौतुक करताहेत.

मी मांडीखालून फोन काढला. पडदा उजळलेला होता.

“सात दोन दोन,” मी म्हणाले. तोंडात भात होता. “नऊ शून्य चार.”

डाव्या हातानं फोन नुसता पुढे सारता आला असता. नेमही मोडला नसता. हे मला फार नंतर सुचलं.

हे “अगं!” म्हणाले. झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. “बोलनी का ती?” सासूबाई विचारत होत्या. शीतल क्षणभर तशीच बसून राहिली, तिचे ओठ हलले, ती आकडे म्हणत होती की आणखी काही, आणि मग ती उठून आत पळाली. मी अर्ध्या ताटावरून उठले. ताटाला नमस्कार केला, देवाला केला, काय मागावं ते आठवेना. मोरीत जाऊन चूळ भरली. पोट रिकामं होतं आणि पाठीत, कंबरेच्या जरा वर, कुणीतरी तळवा ठेवून काढून घेतल्यासारखी जागा गार पडली होती. पण मला वाईट वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. एवढी एक गोष्ट मी तिला दिली होती जी दुसरं कुणी देऊ शकलं नसतं, कुणाकडे नव्हतीच ती. बाईंकडे राग होते, ताल होते, त्यांच्याकडे माझी सतरा वर्षं नव्हती. आता ती बाहेर येईल, मला काहीतरी म्हणेल, किंवा काही म्हणणार नाही, नुसती येऊन उभी राहील. मी नळ बारीक केला, म्हणजे तिची पावलं ऐकू येतील.

पावलं आली नाहीत. आतून तिचा आवाज आला, मोठा, फुटलेला, सूर नसलेला.

“ताई? झालं, ताई! पक्कं झालं. जळगाव. शेवटच्या आठ मिनिटांत!... नाही ना, मम्मी जेवत होती... हो, मुकी जेवते ना ती. मम्मीनं नेम मोडला, ताई. सतरा वर्षांचा. माझ्यासाठी मोडला.”

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक त्या नुसतं “बरं” म्हणाल्या असतील, खालच्या पट्टीत. त्यांचे डोळेही भरले असतील. मी मोरीपाशी उभी होते. एवढं एक तरी आम्हा दोघींत राहायला हवं होतं, एक दिवस, एक रात्र. माझे हात अजून ओले होते, आणि ते जळगावला पोचलंही होतं.